पाण्यापुढची जबानी

६ नोव्हेंबर २००५, रविवार. ॲथलोन

काल दुपारी आयर्लंडात येऊन पोचले. हाडं, दात, चष्मा सगळं तपासून घेतलं, वाटेत काही राहिलेलं नाही. अक्षराशी माझी कधी ओळख झाली नाही, म्हणून मी सांगते आणि विक्रांत लिहितो. विक्रांत म्हणजे माझ्या प्रकाशचा पुण्याच्या कॉलेजातला मित्र. इथेही दोघं एकाच टेलिफोनच्या कंपनीत होते. डब्लिनच्या विमानतळावर मला घ्यायला तोच आला होता. गाडी आधीच गरम करून ठेवली होती, म्हातारीला तेवढं पुरे.

मी ‘काहून’ म्हटलं की तो ‘का’ लिहितो आणि ‘पोट्टा’ म्हटलं की ‘मुलगा’. म्हणतो, काकू, सगळ्यांना कळायला हवं. कळू दे बापा. मी परत गेले की भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात शाळेचे मास्तर ही वही बायांना वाचून दाखवणार आहेत, आणि त्या बायांना माझ्या भाषेपेक्षा मास्तरांची भाषा जास्त गोड लागते.

वहीचा नियम आजच ठरवला. संध्याकाळी विक्रांत लिहील, सकाळी चहाबरोबर सून योगिनी मला वाचून दाखवेल. विश्वास नाही म्हणून नव्हे. दुकानदाराने लुगडं मोजून दिलं तरी मी त्याच्यासमोर पुन्हा हात लावून मोजते, तशी खोड आहे.

योगिनी हृदयात घालायच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात जाते आणि सातला घरी येते. नात रेवा आठ वर्षांची. माझं सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत. शाळा कशी, तर ‘ग्रँड’. माझे अनारसे कसे, तर ‘ग्रँड’. तिच्या गालावर मच्छर चावल्याएवढी खळी पडते, ती प्रकाशची आहे.

प्रकाशला जाऊन दोन वर्षं झाली. इथल्या तळ्यात गेला. विक्रांतबरोबर बोटीतून मासे धरायला गेला होता. देह मिळाला नाही. मी रडायला आलेली नाही, ते घरी करून झालंय. एक काम राहिलंय, त्याला आलेय.

८ नोव्हेंबर, मंगळवार

इथलं आभाळ कुणाचंच ऐकत नाही. सकाळी ऊन म्हणून मी लुगडं बाहेर वाळत घातलं, तर दुपारपर्यंत ते चार वेळा भिजलं आणि तीन वेळा वाळलं. शेजारीण कुंपणावरून काहीतरी म्हणाली आणि हसली. मीही हसले. दोघींना एकमेकींचं काही कळलं नाही आणि गप्पा छान झाल्या.

घर उबदार आहे. कपाटाला इथे ‘प्रेस’ म्हणतात, आणि एका प्रेसमध्ये प्रकाशचे कपडे अजून घड्या घालून ठेवलेत. मी हात लावला नाही.

आता काम सांगते. आम्ही ढिवर. तलावातले मासे धरणं हा आमचा पिढ्यांचा धंदा. डोंग्यात दोघं गेले आणि एकच परत आला, तर आमच्यात एक रीत आहे. परत आलेल्याने मेलेल्याच्या आईला घेऊन त्याच पाण्यापुढे उभं राहायचं आणि काय झालं ते तोंडाने सांगायचं. पाण्याने सगळं पाहिलेलं असतं. जबानी खरी निघाली तर पाणी मेलेल्याला मोकळं करतं. खोटी निघाली तर काय होतं ते मला माहीत नाही. आमच्या गावात तशी हिंमत कुणी केली नाही.

कार्तिकातल्या अमावास्येला प्रकाश गेला. यंदा ती एक डिसेंबरला आहे. त्याच्या आत हे व्हायला हवं. विक्रांतला विचारलं, येशील का बाबा. तो लगेच म्हणाला, का नाही येणार काकू, त्यात काय. पुण्याची माणसं रीतीभातींना हसतात असं ऐकलं होतं, हा हसला नाही. चांगलं आहे पोरगं.

१२ नोव्हेंबर, शनिवार

आज तळ्यावर गेलो. विक्रांत, योगिनी, रेवा आणि मी. गावापासून गाडीने वीस मिनिटं, मग गवतातून चालायचं. पाणी कोऱ्या चहासारखं काळपट आहे. काठाने लव्हाळे वाळून उभे, त्यातून वारा शिरला की बायका कुजबुजताहेत असं वाटतं. पलीकडचा काठ कधी दिसतो, कधी पाऊस त्याला गिळतो.

तिथे डरमट नावाचा म्हातारा बोटी भाड्याने देतो. नाक लाल, बोलणं थोडं, हात मोठे. मी त्याच्या बोटीच्या कडेवरून हात फिरवला, तळाची फळी ठोकून पाहिली. त्याने टोपी काढली. बोट जाणणारं माणूस कुठल्याही देशात ओळखू येतं.

तो धक्क्यावर उभा राहून पाईक धरत होता. पाईक म्हणजे इथला मोठा मासा. अंग आपल्या मरळीसारखं लांब, हिरव्यावर पिवळे ठिपके, पण तोंड सुसरीचं. दात असे की दोरी तोडतो, म्हणून गळाच्या वर हातभर तार लावतात. चकाकतं पत्र्याचं पान पाण्यातून ओढलं की त्याला ते मासोळी वाटतं. माझ्यासमोर एक लागला, माझ्या हाताएवढा. डरमटने चिमट्याने गळ काढला, शेपटीला धरून त्याला पाण्यात जरा झुलवलं आणि सोडून दिला. मोठे मासे परत सोडायचे असा इथला कायदा आहे म्हणे. मी म्हटलं, तोंड फोडायचं आणि वर उपकार करायचे, बरी दया आहे. योगिनीने हे त्याला सांगितलं नाही.

तो मासा गेला नाही. धक्क्याच्या खांबाशी थांबला. डोळे डोक्यावर, वर बघणारे. आमच्यात विक्रांत सगळ्यांत पुढे उभा होता.

मग मी पाण्यात हळद सोडली, तीनदा प्रकाशचं नाव घेतलं आणि विक्रांतला म्हटलं, सांग. त्याने सांगितलं ते तसंच लिही म्हणाले, तर तो तसंच लिहितोय. वारा अचानक चढला. प्रकाशच्या गळाला मोठा पाईक लागला होता, तो उभा राहिला, लाट आली आणि तो पडला. विक्रांतने बोट वळवली तोवर प्रकाश दिसेनासा झाला होता. त्याच्या अंगात पाण्यावर तरंगवणारं जॅकेट नव्हतं. मी विचारलं, का नव्हतं? विक्रांत म्हणाला, “तो स्वतःच म्हणाला काकू. आम्ही ढिवर, आमच्या रक्तातच पाणी आहे, मला जॅकेट कशाला.”

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. घरी आलो. भिजलो सगळे.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस लिहायला बसले नाही, डोकं दुखतं म्हटलं. दुखत नव्हतं. आज लिही, विक्रांत, आणि पेन नीट धर.

प्रकाशला पोहता येत नव्हतं. ढिवराच्या पोराला पोहता येत नाही हे ऐकून गावात लोक हसायचे. मीच येऊ दिलं नाही. त्याचा बाप जाळं ओढता ओढता छातीत पाणी भरून मेला, तेव्हा मी ठरवलं, या पोराच्या हातात जाळं द्यायचं नाही. घरामागच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, पाय घातला म्हणून मी त्याला केरसुणीने मारलं होतं. सहाव्या वर्षी नागपूरला वसतिगृहात ठेवला. पाण्याला इतका भ्यायचा की अठरा वर्षांचा झाला तरी नदीवर गेला की काठावर बसून लोट्याने अंघोळ.

आणि दुसरं. ‘आम्ही ढिवर’ हे शब्द त्याने गावाबाहेर कधी उच्चारले नाहीत. लाज वाटायची त्याला. मला वाईट वाटायचं, पण मी बोलत नसे. कॉलेजात भिंतीवर यादी लागते, नावापुढे जात लिहिलेली असते, आणि ती यादी वाचायला सगळ्यांना येतं. त्याला सांगावं लागत नव्हतं.

तर मग ते वाक्य त्याचं नव्हे. कुणीतरी दुसऱ्याने त्याला ऐकवलेलं आहे. तू ढिवर, तुझ्या रक्तातच पाणी, तुला जॅकेट कशाला.

उत्तर नको देऊस बाबा. फक्त लिही.

१६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी योगिनीने वाचून दाखवलं. यादीपर्यंत ठीक. पुढे ‘तर मग’पासून ‘कशाला’पर्यंत काहीच नव्हतं. विक्रांतने खाली एक सुबक रेघ मारून ठेवली होती. मी अडाणी, पण मला माझं बोलणं पाठ असतं. सत्तर वर्षं दुसरी वहीच नव्हती.

संध्याकाळी तो आला, मी त्याला पोहे दिले, वर जास्त खोबरं घातलं. खाऊन झाल्यावर म्हटलं, राहिलेलं लिही. तो म्हणाला नजरचुकीने राहिलं. मी म्हटलं हो रे, चूक होते माणसाकडून. कालच्या पानावर रेघेच्या जागी त्याने ते लिहून दिलं. बाहेर वारा खिडक्यांना धडका देत होता आणि त्याला घाम आला होता.

योगिनीने सगळं ऐकलं होतं. रात्री भांडी विसळताना म्हणाली, “आई, दोन वर्षं हा माणूस दर शनिवारी माझा किराणा आणतोय.”

मी म्हटलं, आणू दे. अजून थोडे दिवस आणू दे.

१९ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा तळ्यावर. यायचं नाही म्हणत होता, मी म्हटलं मग मी डरमटकडे बसने जाते. आला.

आज मी डरमटला जॅकेटांचं विचारलं. योगिनी कामावर, म्हणून मध्ये रेवा. पोरगी मराठीत कधी बोलत नाही, आज तिला बोलावंच लागलं. डरमटचं ऐकून घेतलं आणि माझा पदर धरून म्हणाली, “आजी, तो म्हणतो, दोन होते. एकाची चेन तुटली होती. त्याने सांगितलं की शेडमधून दुसरं घ्या. विक्रांत अंकल म्हणाला, नको, याला लागत नाही.”

विक्रांत लांब उभा राहून बुटाचा चिखल पुसत होता.

मी त्याला म्हटलं, अमावास्येला पाण्याला द्यायला याच तळ्यातला मासा लागतो, हळद लावून परत सोडायचा. धरून दाखव. त्याने डरमटची गळाची छडी घेतली. तिसऱ्याच फेकीला लागला. दोरी धक्क्याखाली शिरली आणि छडी कमानीसारखी वाकली. मासा वर आला, तोच होता, जबड्याला गळाची खूण. विक्रांत दोन पावलं पुढे ओढला गेला, बूट धक्क्याच्या कडेला आला, आणि त्याने छडीच सोडून दिली. डरमटची महागाची छडी तळ्यात गेली.

पटकन सोडतो हा. मी तिथेच म्हटलं, आणि आता लिहवून घेतेय.

परत येताना गारा पडल्या. एवढंच आज.

आई पाणी फार थंड आहे

२० नोव्हेंबर, रविवार

सकाळी योगिनी वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, पुढे. ती म्हणाली, शेवटी एक ओळ आहे. वाचली. मी ती सांगितली नव्हती.

विक्रांतला विचारलं. शपथ घेतो की त्याने लिहिली नाही. ‘एवढंच आज’ म्हणून त्याने वही मिटली होती, ते मी पाहिलंय.

योगिनीने प्रेसमधून प्रकाशची जुनी पत्रं काढली आणि वहीशेजारी ठेवली. मला काय कळणार, मला सगळी अक्षरं मुंग्याच. ती म्हणाली, आई, ‘ई’ तोच आहे. ‘थ’ची गाठ तीच आहे. मग बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसली.

मला भीती वाटली नाही. खरं सांगते. मला वाटलं, आला. दोन वर्षांनी आईशी बोलला. आणि विक्रांतचा चेहरा बघून माझ्या पोटात गोड वाटलं, बाळंतपणानंतर पहिला गरम घास खाल्ल्यासारखं.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस विक्रांत फिरकला नाही. काल तेवीस, इंग्रजी तारखेने प्रकाशचा दिवस. वही तशीच.

आज दुपारी आपण होऊन आला. ऑफिसला गेला नव्हता. दाढी वाढलेली, मोजे ओले. त्याने सांगितलं ते तोच लिहितोय. तीन दिवस त्याच्या घरात पाणी येतंय. दाराखालून. प्लंबर म्हणाला नळ ठीक आहेत, छप्पर ठीक आहे. पुसलं की पुन्हा. काळपट. काल पायरीवर माशाचे खवले होते, रुपयाएवढे.

मी विचारलं, इथे आल्यावर? म्हणाला, इथे नाही. लिहीत असतो तेव्हा नाही.

मग लिही बापा. मी कुठे नको म्हणते.

त्याने माझे पाय धरले. काकू, मी काय करू म्हणाला. मी सांगितलं, अमावास्येला पाण्यापुढे खरी जबानी दे. पहिल्या खेपेला खोटी दिलीस. तो नाही म्हणाला नाही. खोटी नव्हती, असंही म्हणाला नाही.

२६ नोव्हेंबर, शनिवार

वादळ. दुपारपासून दोनदा वीज गेली. डरमटने फोन केला होता, कुणी तळ्यावर येऊ नका.

विक्रांत आता सकाळीच येतो. योगिनी त्याच्याकडे बघत नाही. रेवाला तो बसतो त्या खोलीत जाऊ देत नाही. मी त्याला जेवायला वाढते, तो प्रत्येक घास आधी उलटून बघतो, मग खातो. आज मी त्याला गमतीने म्हटलं, अरे, मासा नाहीये, वांगं आहे, बघत नाही तुझ्याकडे.

आज सांगायचं म्हणजे—

वल्हं माझ्या हातात होतं

थांब. हे मी बोलले नाही.

पातं मी धरलं होतं मूठ त्याच्याकडे होती

मी गप्प आहे आणि याचा हात चालतोय. तोंड फिरवून बसलाय, रडतोय, आणि हात चालतोय. योगिनी, ये इकडे. काय लिहितोय ते मोठ्याने वाच—

मी म्हटलं ओढ मला तो म्हणाला बोट कलते मी म्हटलं ओढ रे त्याने ओढलं माझ्याकडून वल्हं ओढलं

योगिनीने वाचलं.

२७ नोव्हेंबर, रविवार

योगिनी रेवाला घेऊन नास नावाच्या गावी गेली, तिच्या कारखान्यातल्या सरिताकडे. मलाही चला म्हणाली. खूप म्हणाली. वही पोलिसांना देते म्हणाली. मी म्हटलं, शुक्रवारी ये, वही घेऊन जा. माझं काम अर्ध्यावर आहे.

जाताना तिने विक्रांतला एकच विचारलं. “किती वेळ धरलं होतं त्याने वल्हं?”

तो म्हणाला, माहीत नाही. ती म्हणाली, माहीत आहे तुला.

रेवाने मला मिठी मारली. बाय आजी.

आता घरात मी आणि हा. पोलीस याला काय करतील? खोली देतील, जेवण देतील, वरून कोरडं छप्पर. माझ्या पोराला काय मिळालं? मी याला पाण्यापुढे नेणार. माफ करायला नेत नाहीये. हेही लिही. कळू दे तुला.

लिहिलंय.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

पाऊस थांबत नाही. विक्रांत दारापाशी घोंगडी टाकून झोपतो, घरी जात नाही.

आज पहाटे माझ्या खाटेखाली पाणी होतं. त्याच्या नाही, माझ्या. हाताने पाहिलं, थंड, चिखलाचा वास. मी पुसलं. म्हातारीच्या हातून तांब्या सांडला असेल. तांब्या भरलेला होता.

याला काही सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. कसा बघतोय बघा माझ्याकडे. हसू नकोस.

तू मला पाणी का शिकवलं नाहीस

परत हात चालला. काय लिहिलंस? वाच.

वाचून दाखवलं याने. खोटं वाचतोस. माझ्यावर उलटवतोस. मला वाचता येत नाही म्हणून—

शपथ घेतो. पुन्हा तेच वाचलं. योगिनी नाही. विचारू कुणाला. शेजारणीला मराठी येत नाही. पान डोळ्यांशी धरलं. मुंग्या. सगळ्या मुंग्या.

सगळ्यांच्या आया पोरांना शिकवतात आई

बस. वही मीट.

३० नोव्हेंबर, बुधवार

झोप नाही.

पाणी पुसलं. पुन्हा आलं. पायऱ्यांवरून खाली जात नाही, माझ्या खोलीकडे येतं.

विक्रांत म्हणाला, काकू, नको जाऊ या, योगिनीला बोलवा, मी पोलिसांना सगळं सांगतो. मी म्हटलं नाही. खरं सांगितलं की मोकळं करतं ते. याने सांगितलं की सगळं थांबेल. याने केलं. मी नाही केलं. मी त्याला जगवायला—

लिहू नको ते.

लिहिलंस?

१ डिसेंबर, गुरुवार. अमावास्या

दुपार. डरमट गावात गेलाय. त्याची बोट सोडली. वल्हं मी मारलं अर्ध्यापर्यंत, सत्तराव्या वर्षी. हा पुढे बसलाय, वही मांडीवर.

पाऊस थांबला. वारा पडला. पाणी ताटासारखं सपाट. काठ दिसत नाही.

जिथे तो पडला ती जागा दाखवली याने. हळद सोडली. नाव घेतलं. सांग म्हटलं.

याने सांगितलं. स्वतःच्या हाताने लिहितोय. “चांगलं जॅकेट मी घेतलं. याला लागत नाही असं मीच म्हणालो. त्याला पोहता येत नाही हे त्याने सांगितलं नाही, लाजेने गप्प बसला. पडल्यावर त्याने वल्हं धरलं. बोट कलत होती. मी वल्हं हिसकून घेतलं. तो दोनदा वर आला. मला हाक मारली.”

खरी आहे जबानी. मला कळतं.

हलकं वाटेल वाटलं होतं. वाटत नाही.

पाईक आला. बोटीच्या डाव्या बाजूला. उजव्या बाजूला पण. तोंड वर. लव्हाळ्यांपर्यंत सगळीकडे. हलत नाहीत.

हा म्हणतो, परत जाऊ. मी म्हटलं, लिही.

वल्हं पाण्यातून निघत नाही. खालून कुणी—

सोड म्हटलं याला. सोडत नाही. या वेळी सोडणार नाही म्हणतो. रडतोय. एका हाताने लिहितोय, एका हाताने वल्हं—

बोट कलली.

कडेवर बोटं. पांढरी. चार. अंगठा—

माझा आहे. माझा पोरगा आहे. प्रकाश, हा बघ. आणलाय मी. हाच तो. घे—

बघत नाही त्याच्याकडे.

बाळा, तिकडे. तिकडे बसलाय तो. मी नाही—

लिही विक्रांत, थांबू नको. दुसरा हात आला. माझ्या बाजूने. लुगडं धरलंय. घट्ट. विचार त्याला, माझ्याकडे का. तू विचार, तुझं ऐकेल, तुला हाक मारली होती त्याने, विचार की आईने काय—